डिझेल की पेट्रोल? नियम कडक झाल्यानंतरचे तुमचे अनुभव सांगा

दोन महिने झाले, आमच्या घरात दुसरा विषय नाही. जुनी डिझेल गाडी आता बदलायचीच आहे. नवरा म्हणतो, पुन्हा डिझेलच. मुलगी म्हणते, "आई, आता डिझेल कोण घेतं?" मी मधल्या मध्ये.

पूर्वी हिशेब सोपा होता. डिझेल गाडी घेताना महाग, पण अ‍ॅव्हरेज जास्त. वरचे पैसे किती किलोमीटरमध्ये वसूल होतात एवढं काढलं की झालं. आता त्यात धुराचे फिल्टर आले, धूर स्वच्छ करायचा युरिया आला, उद्या ही गाडी कुठल्या शहरात चालू देतील हा प्रश्न आला. भारताने १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस ४ या टप्प्यावरून थेट बीएस ६ वर उडी मारली, पाच गाळूनच टाकला. डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइड या धुरातल्या विषारी वायूची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, ती ८० झाली. पेट्रोलची ८० वरून ६० वर आली. युरोपात त्यांच्या तशाच टप्प्यांत, युरो ५ वरून युरो ६ वर जाताना डिझेल १८० वरून ८० वर आलं, पेट्रोल ६० वरच राहिलं. म्हणजे दोन्हीकडे खरी कसरत डिझेललाच करावी लागली, आणि ती कसरत करणारी यंत्रं आता आपण विकत घेतो.

माहितीपत्रकं वाचून झाली आहेत, विक्रेत्यांचं ऐकूनही झालं. आता ज्यांनी गाडी वापरली त्यांचं ऐकायचं आहे. फसलेले अनुभव आधी सांगा, ते जास्त कामाचे.

*

ताई, फसलेला हवाय ना? घ्या.

चार वर्षांपूर्वी वापरलेली डिझेल घेतली. गाडी चकाचक, रनिंग कमी. "कमी चाललेली आहे" याचाच मला आनंद झाला होता. माझा रोजचा प्रवास: मुलाची शाळा, तिथून ऑफिस, सगळं मिळून सात किलोमीटर. संध्याकाळी तेच उलट.

सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर एक पिवळं चित्र आलं. एक पेटी आणि तिच्यात ठिपके. दिवा पिवळा आहे, लाल नाही, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग कधीकधी घरी येऊन किल्ली काढली तरी पुढचा पंखा भणभण चालू राहायचा, बॉनेटपाशी जळका वास यायचा. मला वाटलं, ऊन आहे, तापली असेल.

तापली नव्हती, साफ होत होती! डीपीएफ म्हणजे काजळी धरणारा फिल्टर. साठलेली काजळी जाळायला आतलं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं. हायवेला धूर मुळातच गरम असल्याने बरंच काम आपोआप होतं. माझ्यासारख्या सात किलोमीटरवालीची गाडी मात्र ते मुद्दाम जास्तीचं डिझेल फवारून करते आणि त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात. मी रोज नवव्या मिनिटाला किल्ली काढत होते.

शेवटी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या काकांनी काही न बोलता ऑइलची डिपस्टिक ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, काढून माझ्यासमोर धरली. ऑइल कमाल खुणेच्या वर! मी म्हटलं, "वा, जास्तच आहे की." ते म्हणाले, "मॅडम, वास घ्या." निव्वळ डिझेलचा वास. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक सफाईत न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरत होतं. ऑइल पातळ झालं की इंजिनाची झीज ठरलेली.

स्कॅनर लावून जबरदस्तीने सफाई केली, ऑइल बदललं, गाडी वाचली. घरी येऊन गाडीसोबतचं पुस्तक उघडलं तर सगळं त्यात लिहिलेलं. पान न पान. मी विकली ती गाडी. ज्यांना दिली त्यांचा रोजचा हायवे आहे, हे विचारून मगच दिली.

*

वरच्या ताईंचं वाचून डिझेलला शिव्या घालायच्या आधी माझंही ऐका. कामानिमित्त रोज दीडशे किलोमीटर, त्यातले सव्वाशे सरळ हायवे. बीएस ६ डिझेल, तीन वर्षं. फिल्टरचा दिवा कसा दिसतो हे मला आत्ता तुमच्या वर्णनावरून कळलं. भरल्या गाडीने घाट चढताना पाचव्यावरून चौथ्यावर यावं लागत नाही, ट्रक ओलांडताना पाय ठेवला की गाडी निघते. पेट्रोलवाल्या मित्रासोबत एकदा तोच रस्ता केला, त्याला माझ्याआधी पंपावर थांबावं लागलं आणि त्याची टाकी माझ्यापेक्षा मोठी आहे. बाकी वाद तुमचे चालू द्या.

*

महिन्याला पाचशे किलोमीटरच चालवणार असाल तर पेट्रोल. विषय संपला.

*

विषय संपत नाही हो दादा. मी त्याच विचाराने पेट्रोल घेतली, तीही नव्या पद्धतीची, टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी. छोटं इंजिन, मोठी ताकद. ताकद मिळते, नाही असं नाही. पण उजवा पाय जड असेल तर कागदावरचं अ‍ॅव्हरेज विसरा.

दुसरी गोष्ट विक्रेता सांगत नाही. जुन्या पेट्रोल इंजिनात इंधन इनटेक व्हॉल्व्हवरून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांवरून जायचं, त्याने ते धुतले जायचे. थेट फवारणीत व्हॉल्व्हवर इंधन येतच नाही, मग ऑइलच्या वाफेची काजळी तिथे घट्ट बसते. माझी गाडी थंडीत सकाळी अडखळायला लागली. उघडून पाहिलं तर व्हॉल्व्हवर डांबराचे थर. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून साफ केले. मस्करी नाही, खरंच अक्रोडाची टरफलं.

आणि पेट्रोल म्हणजे स्वच्छ हेही अर्धंच खरं. थेट फवारणीतून बारीक कण भरपूर निघतात, म्हणून तर युरो ६ मध्ये त्यांच्यावर कणांच्या संख्येची मर्यादा आली आणि काही पेट्रोल गाड्यांनाही फिल्टर बसायला लागले. तो डिझेलच्या फिल्टरइतका त्रास देत नाही, कारण पेट्रोलचा धूर जास्त गरम असतो. साध्या जुन्या धाटणीचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन मिळत असेल तर घ्या. कंटाळवाणं असतं, पण तेच हवंय तुम्हाला.

*

मी नियमांच्या फेऱ्यात सापडलेला. माझी युरो ५ डिझेल होती, उत्तम चालणारी. कामासाठी मध्य लंडनमध्ये जावं लागायचं. ८ एप्रिल २०१९ पासून तिथे कमी उत्सर्जनाचा नवा पट्टा लागू झाला. पेट्रोलला युरो ४ पुरे, डिझेलला युरो ६ हवं. म्हणजे माझ्या गाडीहून कितीतरी जुन्या पेट्रोल गाडीला हे शुल्क नाही आणि मी मात्र रोज ते दंडवजा शुल्क भरणार. गाडीत बिघाड काही नाही, पण विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळेना.

राग कशाचा येतो सांगू? ब्रिटनने २००१ पासून वाहनकर कार्बन डायऑक्साइडवर ठरवायला सुरुवात केली, त्यात डिझेल स्वस्त पडायचं. लोकांना डिझेलकडे ढकललं ते असं. लिटरमागे डिझेल जास्तच कार्बन डायऑक्साइड सोडतं, सुमारे २.६ किलो, पेट्रोल २.३, पण किलोमीटरमागे इंधन कमी लागतं म्हणून एकूण बेरीज डिझेलच्या बाजूने जायची. नायट्रोजन ऑक्साइडकडे तेव्हा कोणी फारसं बघितलं नाही. मग सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत. त्यानंतर डिझेलवर कोणाचा विश्वास राहणार? त्याच वर्षी भारतात हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली. पेट्रोलला पंधरा वर्षं दिली होती.

तेव्हा ताई, गाडी दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर आजचा नियम बघू नका. पुढचा नियम आधी कोणाला पकडतो ते बघा. आजवर तरी डिझेललाच पकडलंय.

*

युरियाचा विषय निघालाय म्हणून. मोठ्या डिझेल गाड्यांत वेगळी टाकी असते, तिच्यात युरियाचं पाणी (३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी). ते धुरात फवारलं की नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं. संपत आलं की गाडी किलोमीटर मोजायला लागते: इतके उरले, नंतर स्टार्ट होणार नाही. खरंच होत नाही. उणे ११ अंशांना गोठतं, पण टाकीला हीटर असतो, त्याची काळजी नको.

काळजी माणसांची करा. आमच्या भावजींनी कॅन आणला आणि घाईत डिझेलच्या टाकीत ओतला. सुदैवाने झाकण लावताना युरियाच्या टाकीच्या निळ्या झाकणाकडे लक्ष गेलं आणि किल्ली फिरवली नाही. टाकी उतरवून धुतली, तेवढ्यावर निभावलं. किल्ली फिरवली असती तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं बाद. आता घरात कॅन दिसला तरी बहीण त्यांच्याकडे बघते.

*

मी एक कबुली देतो. फिल्टर सारखा तुंबायचा म्हणून एकाने सुचवलं, आतली जाळीच काढून टाकू, सॉफ्टवेअरमध्ये बंद करू, कटकट संपेल. मी हो म्हटलं. बेकायदा आहे हे माहीत होतं. गाडी हलकी झाल्यासारखी पळायला लागली.

पंधरा दिवसांनी वडील मागे उभे राहून मला पार्किंगमध्ये खुणा करत होते. ते खोकायला लागले, तेव्हा आरशात पाहिलं तर त्यांच्या शर्टाच्या हातावर काळे कण. फिल्टर होता तेव्हा सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर ते कोरडं, स्वच्छ निघायचं. आता कोळशात घातल्यासारखं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर २०१२ सालीच कर्करोगकारक ठरवलाय, हे मी तेव्हा वाचलं. नवीन फिल्टर बसवला. खर्च दुप्पट झाला, तो माझा.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. डिपस्टिकचा अनुभव वाचून मी एक केलं. महिनाभर गाडीत वही ठेवली आणि प्रत्येक फेरी लिहिली. आमचा समज होता की आपण "खूप फिरतो". ६३ फेऱ्या झाल्या, त्यातल्या ४९ सहा किलोमीटरच्या आतल्या. लांबचा प्रवास एकच, तोही लग्नाचा. वही नवऱ्यापुढे ठेवली. त्याने दोनदा बेरीज केली.

पेट्रोल ठरलंय, विनाटर्बो, कंटाळवाणं. काल तो चालवून बघायला घेऊन गेला. वीस वर्षांची डिझेलची सवय, क्लच सोडला की गाडी आपोआप सरकते असं धरून चालणारी. पहिल्याच चढावर तीनदा बंद पाडली. मागे विक्रेता पोरगा गप्प बसला होता. घरी येऊन नवरा म्हणाला, "ही गाडी ओरडल्याशिवाय चढत नाही." मुलगी म्हणाली, "बाबा, अ‍ॅक्सिलरेटर द्या ना मग!"