मन कोसळलेल्या मुलाला कॅज्युअल्टीत न्यावं का?

सांजवात:
माझी भाची पंधरा वर्षांची. एका रात्री आईला म्हणाली, "मला जगायचं नाही." तशीच उठवून कॅज्युअल्टीत नेली. तिथं अकरा तास. शेजारच्या खाटेवर अपघातातला पेशंट विव्हळत होता, आणि ही कानांवर हात घट्ट दाबून भिंतीकडं तोंड करून बसलेली. चार जणांनी येऊन तेच विचारलं, "का गं, असं का वाटलं?" चौथ्याला तिनं उत्तरच दिलं नाही. मनाच्या त्रासासाठी मुलांना कॅज्युअल्टीत नेऊच नये, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडं न्यावं, असं माझं ठाम मत झालंय.

औदुंबर:
ताई, भाचीचे हाल झाले, मान्य. पण "नेऊच नये" याला माझा विरोध आहे. मी मुलांच्या तातडीच्या विभागातच काम करतो. रक्तातली साखर उतरली, डोक्याला मार लागला, मेंदूला सूज आली तरी मूल असंबद्ध बोलतं, अंगावर धावून येतं. मेंदूदाहाचा, म्हणजे मेंदूच्या सुजेचा, एक प्रकार तर 2007 मध्ये नीट ओळखला गेला, शरीरातली प्रतिपिंडं (एरवी रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या घटकावर उलटल्यामुळे होणारा. त्यात सुरुवातीला नुसते भास, संशय, झोप उडणं एवढंच दिसू शकतं. आणि मुलानं गोळ्या घेतल्या असतील तर? काही गोळ्यांनंतर पहिल्या दिवशी मूल ठणठणीत वाटतं, यकृत मागाहून बिघडतं. उतारा पहिल्या 8 तासांत मिळाला तर सर्वांत गुणकारी. बाहेरच्या दवाखान्यात गप्पा मारून हे कळत नाही.

केवडा:
तपासण्या हव्यातच. पण त्या करताना वागता कसं? सोळाव्या वर्षी मला खाटेला बांधलं होतं. इंजेक्शन देण्याआधी कुणी एक वाक्य बोललं नाही. पुढची दोन वर्षं मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की बांधतात, एवढंच मी शिकले होते.

औदुंबर:
तुमच्यासोबत झालं ते चूकच. आधी गर्दी हटवायची, आवाज कमी करायचा, ओळखीचं माणूस जवळ बसवायचं, खायला-प्यायला द्यायचं, मग गरज पडली तर तोंडानं औषध. बांधणं अगदी शेवटी, तेही जिवावर बेतलं असेल तरच. मात्र "मरावंसं वाटतं का?" हे स्पष्ट विचारायलाच हवं. विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. एकानं, एकदा, आई-बाबांना थोडा वेळ बाहेर पाठवून विचारावं.

निरभ्र:
एवढा धोका असेल तर सरळ भरती करा ना! घरी पाठवायचंच कशाला?

केवडा:
भरती म्हणजे सुटका नव्हे. सुट्टी मिळाल्यावरचे पहिले काही आठवडे फार धोक्याचे असतात.

सांजवात:
भाचीला भरती केलं नाही. सकाळी एक समुपदेशक बाई आल्या, स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. सुरक्षा आराखड्याचा कागद तिच्याकडूनच भरून घेतला: मन बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा स्वतः काय करशील, कुणाला फोन करशील. घरातली औषधं कुलपात ठेवायचं माझ्या ताईला, म्हणजे तिच्या आईला, सांगितलं. अकरा तासांत ती पहिल्यांदा नीट बोलली ती तेव्हा. औदुंबर, तपासणीचं तुमचं पटलं, "नेऊच नये" हे मागे घेते. पण त्या बाई रात्रीच का नव्हत्या?

निरभ्र:
आणि घरी गेल्यावर? दुसऱ्या दिवशी कुणी फोन केला?

सांजवात:
नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. तोवर ताई रोज रात्री तिच्या खोलीच्या दाराशी अंथरूण घालून झोपली.