इंदूरच्या गच्चीत बटाटे: जूनमधली चूक परत करायची नाहीये, सल्ला द्या

स्नेहलतागंजची_सून | ९ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. माहेर पुणे, सासर इंदूर, बागकाम शून्य. यंदा जूनमध्ये टोपलीतल्या सहा बटाट्यांना कोंब फुटले होते, ते फेकवले नाहीत म्हणून रंगाच्या रिकाम्या बादलीत लावून टाकले. पाऊस सुरू झाला आणि पाला असा फोफावला की शेजारच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. ऑगस्टअखेर झाड उपटलं तर लावलेले बटाटे सडून चिखल झालेले, आणि नवीन म्हणजे वाटाण्याएवढे चार. सासूबाई म्हणाल्या, "उपासाला बरे आहेत. पोट भरायची भीती नाही."

आता रीतसर करायचंय. हाताशी २० लिटरच्या तीन बादल्या आणि १५ × १५ इंचांच्या दोन ग्रो बॅग आहेत. गच्चीवर सकाळी आठ ते तीन ऊन असतं. बेणं कुठलं आणू, कधी लावू, बादली चालेल का? आणि व्हिडिओत टायरवर टायर रचून मनोरा करतात, वरपासून खालपर्यंत बटाटेच बटाटे, ते खरं असतं का?

पोहे_आधी | ९ सप्टेंबर

वहिनी, चोइथराम मंडीत जाऊन बटाट्याचा भाव विचारा, सगळा उत्साह तिथेच उतरेल.

मालवी_माती | ९ सप्टेंबर

पोहेवाल्याकडे लक्ष देऊ नकोस. आपल्या माळव्यातलाच बटाटा खाऊन तो मोठा झालाय.

सूनबाई, जूनमध्ये तुझं चुकलं नाही, ऋतू चुकला. बटाटा मूळ नव्हे, जमिनीखालचं खोड आहे. म्हणून तर त्याला डोळे असतात. हे खोड फुगायला रात्र गार लागते. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली आलं की झाड नीट कंद धरतं, १७-१९ ला सगळ्यात छान. फार उकाड्यात ते नुसता पाला वाढवत बसतं, तीसच्या वर गेलं की कंद धरणं जवळजवळ थांबतंच. जून-जुलैत तुला जे दिसलं ते हेच.

इंदूरला ऑक्टोबरच्या मध्यानंतर रात्री उतरायला लागतात. दसरा लवकर आलाय की उशिरा ते बघू नकोस, तारीख बघ. २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या दिवसांत लाव. बादलीतली माती शेतातल्या मातीपेक्षा लवकर तापते, त्यामुळे शेतकऱ्यांनी सुरुवात केली की आणखी आठवडाभर थांबलीस तरी बिघडत नाही. डिसेंबरात लावलंस तर मात्र कंद भरायच्या वेळी ऊन चढलेलं असेल.

जात म्हणशील तर कुफरी पुखराज. ७० ते ९० दिवसांत येतो, नवख्याला सोपा. ज्योतीही चालेल. चिप्सोना वेळ जास्त घेतो आणि तुला काही चिप्सचा कारखाना काढायचा नाहीये. (कुफरी हे शिमल्याजवळचं गाव. या जातींचे संकर तिथे झाले म्हणून सगळ्यांचं आडनाव एकच. त्या शिमल्याच्या केंद्रीय बटाटा अनुसंधान संस्थेचं एक केंद्र आपल्या ग्वाल्हेरलाही आहे.)

बेणं बियाण्याच्या दुकानातून घे, भाजीवाल्याकडून नको. चिप्ससाठी साठवलेल्या बटाट्याला शीतगृहात कोंब येऊ नयेत म्हणून औषधाचा धूर देतात. तो बटाटा तू मातीत घालून आरती केलीस तरी उठणार नाही. खाण्याच्या बटाट्यातून रोगही येतात, विशेषतः विषाणूचे, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

स्नेहलतागंजची_सून | १० सप्टेंबर

काका, खूप आभार. बेणं कापून लावायचं की अख्खं? आजी कापून लावायची असं आई सांगते.

मालवी_माती | १० सप्टेंबर

आजीचं शेत होतं, पोतंभर बेणं लागायचं, कापल्याने पैसे वाचायचे. तुला लागणार सात नाहीतर आठ. कोंबडीच्या अंड्याहून जरा लहान, ३०-४० ग्रॅमचे अख्खे निवड. कापलेल्या तोंडातून बुरशी शिरते आणि बादलीत ओल जरा जास्त झाली की संपलंच. कापायचेच असतील तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेव आणि एक दिवस सावलीत वाळू दे.

आणल्यावर लगेच पुरू नकोस. शीतगृहातून आलेलं बेणं अंड्याच्या ट्रेमध्ये, डोळ्यांची बाजू वर करून, उजेडात पण उन्हात नाही असं दहा-पंधरा दिवस ठेव. कोंब आखूड, जाडसर, जांभळट-हिरवे हवेत. अंधारातल्या टोपलीत येतात ते लांब पांढरे दोऱ्यासारखे कोंब लावताना हातातच तुटतात.

रामबागची_माई | १० सप्टेंबर

बेण्याला चुलीची राख चोळ गं, आमच्याकडे नेहमी चोळायचे. आणि मातीतही दोन मुठी घाल.

खत_खड्डा | १० सप्टेंबर

माई, कापलेल्या तोंडाला चिमूटभर राख ठीक. मातीत मात्र घालू नये. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, राखेने ती आणखी तिकडे झुकते आणि मग बटाट्याच्या सालीवर खरबरीत खपल्या येतात. चुन्याचंही तसंच. गेल्या वर्षी राखेचा उत्साह मीच केला होता. बटाटे खायला उत्तम, दिसायला खरूज झाल्यासारखे.

मातीबद्दल सांगतो, कारण बादलीत खरी गोची तिथे होते. गच्चीवर नुसती काळी माती भरलीत तर ओली असताना लोणी आणि वाळली की वीट. कंदाला फुगायला जागाच नाही. मी एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड घेतो. ताजं शेणखत अजिबात नको. युरियाही नको, पाला बघून आनंद होईल आणि खाली काही नसेल.

कंपोस्ट घरचं करा. ओला-सुका कचरा आपण तसाही वेगळा करतोच. आणि इंदूरकरांना कंपोस्ट विकत घेणं शोभत नाही. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञ साहेबांनी १९२४ नंतर इथल्याच संस्थेत पालापाचोळा आणि शेणाचे थर रचून, ते खालीवर करत तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगभर तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. आपल्याला मात्र सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली तेवढी माहीत. आत्ता थर लावलेत तर लावणीपर्यंत तयार होणार नाही, या वेळी गांडूळखत आणा.

गच्चीतला_गडी | ११ सप्टेंबर

मनोऱ्याबद्दल मी बोलतो, मी तो केलाय. टायर नव्हे, कोंबडीच्या जाळीचा चार फुटी. आठवड्याला माती चढवत गेलो. जानेवारीत सोसायटीतली सगळी पोरं जमवून मोठ्या थाटात जाळी कापली. वरची अडीच फूट माती, फक्त माती. बटाटे होते ते खाली, बेणं ठेवलं होतं त्याच्या आसपास. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या कशाला ते त्यांनाच ठाऊक.

कारण नंतर कळलं. आपण लावतो त्या लवकर येणाऱ्या जाती बेण्याच्या जरा वर, एकाच पट्ट्यात कंद धरतात. खोड गाडत गेलं म्हणून मजले चढत नाहीत. थोडी भर हवीच, पण ती कंद उजेडात येऊ नयेत म्हणून.

तुमच्या मापाला असं करा. तळाला भोकं आहेत ना बघा, बादलीला निदान सात-आठ. चार-पाच इंच माती, त्यावर बेणं, वर तीन-चार इंच माती. बादलीत एक, बॅगेत दोन, फार तर तीन. कोंब वितभर वर आले की शेंडा सोडून माती भरा, पंधरा दिवसांनी परत. बॅग भिजली की ४० किलोच्या आसपास जाते, तेव्हा आधी जागेवर ठेवा, मग भरा. ऑनलाइन मागवलेली एक बॅग मी कड्या धरून सरकवायला गेलो, शिवण उसवली आणि अर्धी माती खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर.

स्नेहलतागंजची_सून | ११ सप्टेंबर

चादरींचं काय झालं ते विचारत नाही. पाणी? आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं.

मालवी_माती | १२ सप्टेंबर

बोट घालून बघ. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच दे, आणि मग खालून निथळेपर्यंत. एक दिवसाआड पुष्कळ झालं, पण चार दिवस विसरून पाचव्या दिवशी बादलीभर ओतायचं नाही. त्याने बटाटे तडकतात. पानांवर पाणी नको.

मावठा पडला की रोज पानं उलटून बघ. कडेला भिजल्यासारखे काळपट डाग आणि खालून पांढरट बुरशी दिसली तर तो उशिराचा करपा. १८४५ मध्ये आयर्लंडचा बटाटा यानेच खाल्ला. थोडा असेल तर ती पानं काढून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. झाडभर पसरला तर पाला जमिनीलगत कापून टाक आणि कंद दहा-बारा दिवस तसेच राहू दे.

काढायची वेळही अशीच. पाला पिवळा पडून लोळायला लागला की पाणी बंद कर, दहा दिवसांनी एक बटाटा उकरून अंगठ्याने साल चोळ. सुटली तर अजून थांब. फुलं आली नाहीत म्हणून घाबरू नकोस, येतातच असं नाही.

पोहे_आधी | १२ सप्टेंबर

काका, तो तळून खायचा गराडू कंदही असाच लावता येतो का? हिवाळ्यात सराफ्यात जायचे पैसे वाचतील.

मालवी_माती | १२ सप्टेंबर

तो वेलीचा कंद, त्याचं गणित वेगळं आणि महिने जास्त. वेगळा धागा काढ. तळायचं तेल तुझं.

स्नेहलतागंजची_सून | ८ फेब्रुवारी

हिशोब द्यायला आले. २६ ऑक्टोबरला पुखराज लावला, परवा काढला. दोन बॅगांचे मिळून २ किलो ४०० ग्रॅम. एका बादलीत ६५०, दुसरीत ४०० ग्रॅम. तिसरीची भोकं गच्चीच्या फरशीला चिकटून बंद झाली होती, आत पाणी साचून सगळं सडलं, वास अजून नाकात आहे. बाकीच्या मी विटांवर ठेवल्या होत्या, हिलाच विटा पुरल्या नाहीत. एका बॅगेत वरचे दोन बटाटे उघडे पडून हिरवे झाले होते. सासूबाई हिरवा भाग काढून वापरू म्हणत होत्या, मी अख्खेच टाकले. त्यावरून दिवसभर अबोला.

पण बॅग उलटी केली तेव्हा पहिला बटाटा घरंगळत थेट त्यांच्या पायाशी गेला. साल इतकी पातळ की धुतानाच निघत होती. काका, म्हणजे दोन-चार दिवस घाईच झाली ना? रात्री जिरं-मिरची घालून भाजी केली. दुसऱ्यांदा वाढून घेतली त्यांनी, बोलल्या काही नाहीत.

आता याच मातीत टोमॅटो लावू का?

मालवी_माती | ८ फेब्रुवारी

घाई झाली, हो. आधी हेच संपव, पातळ सालीचे टिकत नाहीत. टोमॅटो नको, वांगं-मिरचीही नको. सगळी बटाट्याचीच भावकी, रोग तेच. थोडं खत मिसळून आत्ता मेथी टाक, मार्चअखेर गवार. आणि सडलेल्या बादलीची माती यात मिसळू नकोस.

रामबागची_माई | ९ फेब्रुवारी

हिरवे टाकलेस ते बरं केलंस. सासूबाईंना सांग, माईने सांगितलंय म्हणून.