बाऊलच्या बुडाला चीर का पडते?

चाकवेडी: सहा महिने झाले कुंभाराच्या चाकावर शिकतेय. टेराकोटाची तयार माती वापरते. बाऊल वाळत आला की बुडात मधोमध नागमोडी चीर. दहातले चार तरी जातात. चिखल भरून लिंपलं तर पुन्हा तिथेच उघडते.

रविवारचा कुंभार: माती खराब असेल. दुकान बदला.

थापटणं६३: ताई, माती बदलू नका, तिचा दोष नाही. मी जन्माने कुंभार. घरी माठ, रांजण, सुगडी. पन्नाशीत शहरात शिकवायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात पोरांच्या बुडांना हीच चीर. मला कारण सांगता येईना! आमच्या माठाला ती कधी पडलीच नव्हती. पुष्कळ दिवसांनी डोक्यात उजेड पडला. माठाचं बूड चाकावर पुरं होतच नाही. आतून गुंडा, म्हणजे गोल दगड, धरायचा, बाहेरून थापटण्याने, म्हणजे लाकडी फळीने, ठोकत वाढवायचं. (गोरोबांनी संतांच्या डोक्यावर मारलं, तेच थापटणं.) ठोकून माती दाटते. तुमच्या बाऊलची भिंत बोटांनी ओढताना दाबली जाते, बूड मात्र सैल राहतं, वर त्यात पाणी साचतं. काठ आधी वाळून आखडतो, बूड मागाहून आकसायला बघतं, तोवर भिंत हलायला तयार नसते. मग ते मधेच फाटतं.

गोळा उघडला की बूड मधून कडेला, कडेकडून मधे, तीन-चारदा बोटांनी दाबा. पाणी स्पंजाने टिपा. काठ हाताला चिकटेनासा झाला की पालथं घाला. आणि पुढची पाच भांडी दोऱ्याने उभी चिरा. माझ्याकडे सगळ्यांना चिरावी लागतात. एक जण रुसून दोन रविवार आलाच नाही.

चाकवेडी: काका, चिरली. भिंत दोन सूत, म्हणजे पाव इंच, आणि बूड अर्धा इंच! लाजच वाटली. नंतरचे सहा दाबून, पालथे घालून वाळवले, एकालाही चीर नाही. चिरलेले तुकडे माती परत वापरायला लगेच बादलीत भिजत टाकलेत.

थापटणं६३: अहो, काढा ते बाहेर! अर्धओले टाकले की आठवडाभर गाठी तशाच राहतात. उन्हात खडखडीत वाळवा, मग पाण्यात सोडा. बघता बघता विरघळतील.