फॅमिली ग्रुप: दादाची नोटीस

नंदा आत्या: सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, "तिसऱ्या मजल्यावर पोलीस आले होते". चांगलं खडसावू का?

मकरंद: आत्या, एक अक्षर लिहू नकोस. स्क्रीनशॉट कुठे फिरेल नेम नाही. आणि जुने मेसेज कुणी डिलीट करू नका, पुरावा पुसला म्हणतील.

बाळूकाका: अरे पण दादावर माल चोरल्याचा आळ! गोडाऊनच्या किल्ल्या इतकी वर्षं त्याच्याकडे, कधी एक खोका इकडचा तिकडे नाही. त्याच्या शेठला मी ओळखतो. भेटून येतो.

मकरंद: काका, नका जाऊ 🙏 समजूत काढायला गेलात तरी दबाव आणला म्हणतील. पुढे जामिनाला अडचण येते.

मकरंद: सगळ्यांसाठी एकदाच लिहितो. आलेली नोटीस बीएनएसएसच्या (नवी नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५(३) ची आहे, जुन्या सीआरपीसीचं ४१अ. म्हणजे चौकशीला हजर राहा. अटक झालेली नाही, कुणाला तसं सांगू नका. तारीख चुकवली तर अटकेला निमित्त मिळतं. हजर राहूनही अटक करायची तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. जबाबावर सही करायची नसते, कोऱ्या कागदावर तर नाहीच. अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार आहे, लागलाच तर दिंडोशीच्या सेशन्स कोर्टात टाकू.

वहिनी: गेटपासच्या कार्बन कॉप्या सापडल्या. त्या दिवशी हे आईंना घेऊन केईएमला होते, ओपीडीच्या केसपेपरवर तारीख आहे.

मकरंद: उत्तम! पण तिथला सीसीटीव्ही जपून ठेवा असा लेखी अर्ज आजच द्या. जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

ताई: कायद्याचं मकरंद बघतोय. मला आपल्याच लोकांबद्दल बोलायचंय. दादाला फोन करून "खरं काय ते सांग" विचारणारे परके नाहीत, ह्याच ग्रुपमधले आहेत. काल ७:४२ च्या लोकलच्या वेळेला तो बूट घालून सोफ्यावर बसला होता. कामावर तर जायचं नाहीये. त्याला जबाब विचारायला पोलीस आहेत, आपण मॅचबद्दल बोला, भाजी आणायला पाठवा. चिनूला मी सरळ सांगितलं, बाबांवर खोटा आळ आलाय, मकरंदकाका बघतोय. खालच्या पोरांकडून कळण्यापेक्षा बरं.

बाळूकाका: त्यातला एक फोन माझा होता. बरं. ह्या महिन्याचा हप्ता मी भरतो, त्याला सांगू नका.

वहिनी: काका 🙏 त्यांना सांगावंच लागेल, बँकेचा मेसेज त्यांच्याच फोनवर येतो.

नंदा आत्या: सोमवारी चौकीला कोण जातंय बरोबर? वहिनी तिकडे असेल तर दादाच्या आईला बीपीच्या तपासणीला मी नेते.

मकरंद: मी जातो. आत्या, मूळ केसपेपर माझ्याकडे आहे, तू झेरॉक्स घेऊन जा.