वाशिष्ठीचा गाळ काढण्याआधी खाडी मोजा

चिपळूणला वाशिष्ठी नदीतला गाळ उपसला की पुराचा प्रश्न मिटला, असा पुराच्या चर्चेत बऱ्याच जणांचा सूर आहे. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी सोसला त्यांची घाई समजते. गाळ काढायला माझाही विरोध नाही. पण चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून समुद्राकाठच्या दाभोळपर्यंत वाशिष्ठी नुसती नदी नाही, खाडी आहे. तिथे गाळ बसतो तो वेगळ्या हिशेबाने.

खारं पाणी जड, ते भरतीला तळातून वर सरकतं. गोडं पाणी त्याच्यावरून खाली येतं. दोन्ही मिसळतात तिथे पाण्यातले मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात. पात्र खोल केलं की खारं पाणी आणखी वर शिरतं आणि ही गाळ बसायची जागाही वर सरकू शकते. काठच्या विहिरी खाऱ्या होण्याची भीती वेगळीच.

त्यात आपल्याकडे कोयनेचं अवजल, म्हणजे कोयना प्रकल्पात वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी. वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायची तरतूद आहे, आणि ते वाशिष्ठीत येतं. म्हणजे भर उन्हाळ्यातही गोडं पाणी, तेही वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाप्रमाणे कमीजास्त. दुसऱ्या खाडीचे आकडे इथे कसे चालतील?

म्हणून उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) आणि भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत), पावसाळ्यात आणि मे महिन्यात, पृष्ठभागाची व तळाची क्षारता आणि गढूळपणा पूर्ण भरती-ओहोटीभर मोजायला हवा. ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारं यंत्र, किती खोल जाणार ते त्यानंतर ठरवा. आणि मोजणीच्या जागा ठरवताना खाडीत जाळं टाकणाऱ्या भोई मंडळींना आधी विचारा.