मदत हवी आहे: अडीच कोटींचा मराठी चित्रपट, वसुलीचं गणित तपासून हवंय

मधली_सुट्टी

कौटुंबिक विषयावरचा मराठी चित्रपट आहे. गाणी दोनच, मोठा स्टार नाही. पटकथा ११० पानांची, चित्रीकरण २८ दिवसांचं धरलंय. अंदाजपत्रक असं:

फर्स्ट कॉपी (प्रदर्शनाला तयार पहिली प्रत) हाती येईपर्यंत २.५ कोटी
प्रसिद्धी ६० लाख
व्हीपीएफ (डिजिटल प्रक्षेपणासाठी पडद्यामागे द्यावं लागणारं शुल्क) २५ लाख
एकूण ३.३५ कोटी

वितरक कमिशनवर घेणार आहे, १० टक्के. सरासरी तिकीट करासह १६० रुपये आणि ३ लाख प्रेक्षक धरले तर गल्ला ४.८ कोटी होतो, म्हणजे १.४५ कोटी सुटतात. भागीदारांपुढे हेच मांडायचं आहे, पण कुठेतरी काहीतरी राहून गेलंय असं वाटतंय.

विचारायचं एवढंच:
१. हे गणित बरोबर आहे का?
२. ९९ रुपयांत तिकीट ठेवण्याची योजना परवडते का?
३. सध्या तारीख मार्चची धरली आहे. त्यात काही अडचण?

डीसीआरवाला

गणित चुकलंय, आणि थोडंथोडकं नाही. ४.८ कोटी हा ग्रॉस आहे, म्हणजे करासह एकूण गल्ला. तो तुमचा नव्हे. तुमच्यापर्यंत येता येता त्याला चार ठिकाणी कात्री लागते.

पहिली कात्री जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के आहे. १६० मधून १८ टक्के काढताना १६० ला १.१८ ने भागायचं. थेट १८ टक्के वजा करू नका, बरेच जण तिथेच घसरतात. उरले १३५.५९. तीन लाख तिकिटांचा नेट, म्हणजे कर वजा जाता गल्ला, झाला ४.०७ कोटी.

दुसरी थिएटरची. २००९ च्या संपानंतर मल्टिप्लेक्स आणि हिंदी निर्माते यांच्यात जे ठरलं त्यात निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५ आणि पुढे ३० असा उतरत जातो. मराठीला हाच तक्ता मिळेल असं गृहीत धरू नका, वितरकाकडून साखळीनिहाय लेखी घ्या. तूर्त हाच धरू. नेटपैकी ६० टक्के पहिल्या आठवड्यात, २५ दुसऱ्या, १० तिसऱ्या आणि ५ त्यानंतर आला तर सरासरी वाटा ४५.९ टक्के पडतो. म्हणजे शेअर १.८७ कोटी.

तिसरी वितरकाची. १० टक्के कमिशन, १८.७ लाख. ते शेअरवर आधी कापलं जातं, तुमचा खर्च निघो न निघो. उरले १.६८ कोटी.

चौथी कात्री प्रसिद्धी आणि व्हीपीएफची, मिळून ८५ लाख. हातात राहिले ८३ लाख. आणि तुम्हाला वसूल करायचेत २.५ कोटी. म्हणजे ३ लाख लोक येऊनही १.६७ कोटींचा खड्डा.

ग्रॉस, नेट, शेअर हे सगळं भागीदारांना सांगत बसण्यापेक्षा एकच आकडा द्या. १६० च्या तिकिटातले निर्मात्याच्या हाती ५६ रुपये येतात. ३.३५ कोटी भागिले ५६, म्हणजे जवळपास ६ लाख तिकिटं. फक्त थिएटरवर पैसे सोडवायचे असतील तर तुमचा अंदाज दुप्पट व्हायला हवा, म्हणजे ग्रॉस साडेनऊ कोटींच्या वर. ६ लाख प्रेक्षकांसाठी पडदे आणि आठवडे वाढले की व्हीपीएफही वाढतो, ते यात धरलेलं नाही.

९९ च्या योजनेचं: ९९ ला १.०५ ने भागा, ९४.२९ येतात. त्यातले तुमच्या हाती ३९. तिकीट ३८ टक्क्यांनी स्वस्त झालं तरी हातातली रक्कम ३० टक्क्यांनीच घटली, कारण कराचा टप्पा खाली आला. पण तेवढ्याच पैशासाठी ४४ टक्के जास्त लोक यायला हवेत. शनिवार-रविवारी हे करू नका, तेव्हा येणारा १६० देऊनही येतो. मंगळवार-बुधवारी दुपारच्या खेळांना मात्र जरूर करा. तिथे खुर्ची नाहीतरी रिकामीच असते.

शेवटची_रांग

प्रेक्षकसंख्या ठरवताना उलटीकडून तपासा. समजा रोज २०० खेळ मिळाले, सरासरी २२० खुर्च्या. आठवड्याच्या झाल्या ३ लाख ८ हजार. ३ लाखांपैकी ६० टक्के पहिल्याच आठवड्यात हवेत म्हणजे १ लाख ८० हजार तिकिटं. म्हणजे सोमवार-मंगळवार धरून आठवडाभर ५८ टक्के खुर्च्या भरलेल्या! स्टार नसलेल्या चित्रपटाला २० टक्के भरल्या तर ६१ हजार तिकिटं होतात. भागीदारांना हा तक्ता २०, ३५ आणि ५८ अशा तिन्ही टक्क्यांनी दाखवा.

जमाखर्च

डीसीआरवाला यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात व्याज नाही. २.५ कोटी बाजारातून वर्षाला १८ टक्क्यांनी उचलले आणि पैसे १४ महिने अडकले तर व्याज साडेबावन्न लाख. ५६ च्या हिशेबाने आणखी ९४ हजार तिकिटं. सगळी रक्कम पहिल्या दिवशी लागत नाही हे खरं, म्हणून हप्त्याहप्त्याने उचला. पण चित्रीकरण संपल्यावर प्रदर्शनाची तारीख जेवढी लांबते तेवढं हे मीटर चालूच राहतं. अशा चित्रपटांत पैसा बुडतो तो बहुधा सेटवर नाही, डबा तयार होऊन तारखेची वाट बघण्यात.

अंदाजपत्रकाबद्दल. या प्रकारच्या चित्रपटात खर्च होतो माणसांवर आणि दिवसांवर. ११० पानं, २८ दिवस म्हणजे रोज जेमतेम चार पानं. घरातले प्रसंग असतील तर जमेल. पण एकाच दिवसात दोन लोकेशन लावली की गाड्या हलवण्यात अर्धा दिवस जातो आणि चाराची अडीच पानं होतात. दिवसाचा खर्च साडेतीन लाख असेल (युनिट, कॅमेरा, लाइट, जनरेटर, जेवण, गाड्या सगळं धरून) तर वाढलेले चार दिवस म्हणजे १४ लाख. तेव्हा प्रसंगांची यादी लोकेशनप्रमाणे लावा, तारखा नंतर. आकस्मिक खर्चाला १० टक्के वेगळे ठेवा आणि ती रक्कम दिग्दर्शकाला सांगू नका. (सांगितली की ती संपतेच.)

तुमच्या २.५ कोटींत जीएसटी धरला आहे का, ते पाहा. कॅमेरा, स्टुडिओ, पोस्ट (चित्रीकरणानंतरचं संकलन-ध्वनीचं काम) यांच्या बिलांवर १८ टक्के लागतो. तो पुढे हक्कांच्या विक्रीवरच्या करातून वळता करता येतो, पण विक्री होईपर्यंत रक्कम तुमच्या खिशातूनच गेलेली असते. तोटा नव्हे, पण रोकड अडकते. शिवाय थिएटर-वितरणाच्या हक्कांपोटी येणाऱ्या रकमेतून २ टक्के टीडीएस कापून येतो.

मार्चचं: आयकराच्या १९६२ च्या नियमांतला ९ए वाचा. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान ९० दिवस आधी चित्रपट प्रदर्शित झाला तर पूर्ण निर्मितीखर्च त्याच वर्षी वजा मिळतो. नंतर झाला तर त्या वर्षी जेवढी वसुली तेवढाच खर्च, उरलेला पुढच्या वर्षी. मार्चमध्ये आलात तर या वर्षीच्या इतर धंद्याच्या नफ्यासमोर चित्रपटाचा तोटा दाखवता येणार नाही. भागीदारांचे दुसरे व्यवसाय असतील तर त्यांना हे आधी कळायला हवं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा सीएकडून आजची तरतूद लेखी घ्या. करासाठी तारीख बदलायची गरज नाही, पण मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि तुमचा विषय कौटुंबिक आहे. त्यासाठी मात्र बदला.

कातरीकर

पोस्टमध्ये हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी:

आजोबा पडद्यावर विडी ओढत असतील तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांचे आरोग्य-संदेश, २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन आणि त्या दृश्यावर कायम दिसणारी सूचना लागते. हे आधीच बसवलं नाही तर सेन्सॉरनंतर मास्टर (ज्यावरून थिएटरच्या प्रती निघतात ती अंतिम प्रत) पुन्हा काढावा लागतो. त्या विडीवाचून कथेचं अडत नसेल तर काढून टाका. बैल, कुत्रा, कोंबडी काहीही चित्रित होणार असेल तर पशु कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधीची हवी. नंतर धावपळ करून उपयोग नाही.

केडीएम ही थिएटरच्या ठरावीक सर्व्हरसाठी, ठरावीक तारीख-वेळेपुरती चालणारी किल्ली असते. थिएटरने मधल्या काळात सर्व्हर बदलला आणि जुन्याच यादीवरून किल्ली काढली तर शुक्रवारी सकाळचा खेळ रद्द. किल्ल्या बुधवारपर्यंत पोचवा आणि प्रत्येक पडद्याकडून 'उघडली' असा निरोप मागवा. यूएफओ आणि क्यूब या थिएटरांपर्यंत डिजिटल चित्रपट पोचवणाऱ्या कंपन्यांना मास्टर कोणत्या स्वरूपात लागतो, ते दोघांकडून वेगवेगळं विचारा.

ओटीटीसाठी संवादाविरहित संगीत-ध्वनीचा ट्रॅक मिक्सिंगच्या वेळीच वेगळा काढून घ्या. नंतर तोच काढायला पुन्हा स्टुडिओ, पुन्हा पैसे. सबटायटल्स, गीतकार-संगीतकारांचे करार, कथेच्या हक्कांचे कागद हेही तपासलं जातं. एक करार कमी पडला की हप्ता अडकतो.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार. जीएसटी धरलेला नव्हता, विडीही आहेच! दोन शंका. राज्य सरकारचं अनुदान अंदाजात धरू का? आणि पहिल्या शनिवार-रविवारी आपणच काही खेळांची तिकिटं विकत घेऊन हाऊसफुल्लचे फलक लावले तर पुढचे खेळ टिकतात म्हणतात, त्यात कितपत तथ्य?

डीसीआरवाला

अनुदान 'अ' किंवा 'ब' दर्जानुसार मिळतं. ते परीक्षणानंतर, आणि तेही दर्जा मिळाला तर. तक्त्यात खाली वेगळ्या ओळीत लिहा, रक्कम शून्य धरा. आलं तर व्याजाचा काही भाग सुटेल.

स्वतःच्या तिकिटांचं गणित सरळ आहे. १६० घालता, ५६ परत येतात, म्हणजे तिकिटामागे १०४ गेले. ५ हजार तिकिटं म्हणजे ५ लाख २० हजार. त्याने शनिवारचा आकडा फुगतो, पण पुढच्या आठवड्याचे खेळ ठरवताना थिएटरवाले सोमवार बघतात. शुक्रवारच्या तुलनेत सोमवार निम्म्याच्या खाली गेला की सायंकाळचा खेळ जातो आणि सकाळी ९ चा हातात राहतो. तेच ५ लाख पहिल्या सोमवार ते गुरुवार तिकीट ९९ ला ठेवण्यात घाला. तिकिटामागे १७ रुपयेच सुटतात, म्हणजे तेवढ्यात ३० हजार तिकिटांची सवलत निघते, आणि खुर्चीत खरा माणूस बसतो. तो घरी जाऊन बोलतो. अशा चित्रपटाला तेच लागतं.

शेवटची_रांग

+१. आणि २०० खेळांचा हट्ट सोडा. चांगल्या वेळेचे १२० खेळ घ्या, म्हणजे व्हीपीएफही कमी. दुसऱ्या आठवड्यात मागणी आली तर वाढवता येतात. एकदा उतरलेला चित्रपट मात्र परत चढत नाही.

जमाखर्च

वितरकाच्या करारात या गोष्टी आहेत का, तेवढं बघा. प्रत्येक थिएटरचा डीसीआर (रोजच्या गल्ल्याचा अहवाल) दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुमच्या मेलवर. एकपडदा थिएटर टक्केवारीवर आहे, ठोक भाड्यावर आहे की एमजीवर (किमान हमी रकमेवर), याची नावनिशीवार यादी प्रदर्शनाआधी. भाड्याचं थिएटर रिकामं गेलं तर भाडं तुमच्याच खात्यात पडतं, म्हणून प्रत्येक नावापुढे तुमची सही असल्याशिवाय ते घेऊ नये असं कलम घाला. प्रसिद्धीचा खर्च ६० लाखांच्या वर लेखी संमतीशिवाय नाही. अंतिम हिशेब किती दिवसांत आणि थकबाकी कोणाच्या जोखमीवर, हे स्पष्ट. थिएटरकडून वसुली व्हायला महिने लागतात आणि वितरक 'आले की देतो' म्हणतो. कमिशन प्रत्यक्ष जमा झालेल्या शेअरवर घ्यायचं, बिल केलेल्यावर नाही, असं लिहिलंत की वसुलीची घाई त्यालाही होते. आणि विदर्भ सीपी बेरार या वेगळ्या वितरण-विभागात (सर्किटमध्ये) येतो. तिथे वितरकाने उपवितरक नेमला तर त्याचं कमिशन याच १० टक्क्यांत की वर, हे आधी विचारा. वर असेल तर तिथल्या तिकिटाचे ५६ राहत नाहीत.