अकरा वर्षांच्या हिशोबाचे सॉफ्टवेअर बदलावे का?

घरखर्च_वही:

नमस्कार. गेली ११ वर्षे मी घरचा सगळा जमाखर्च एकाच डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये ठेवत आले आहे. तीन बचत खाती, दोन क्रेडिट कार्डे, एक गृहकर्ज आणि थोडी गुंतवणूक अशी सात-आठ खाती त्यात आहेत आणि सुमारे १४,००० नोंदी झाल्या आहेत. सुरुवातीला हे सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की आपले होत असे. नंतर निर्मात्यांनी वार्षिक वर्गणी सुरू केली आणि आता वर्गणी संपली की जुन्या नोंदी केवळ पाहता येतात, नवीन नोंद करता येत नाही. वर्गणीची रक्कम मला परवडते. पण माझ्याच हिशोबाला कुलूप लावण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असावा, हे मला स्वस्थ बसू देत नाही.

दुसरी अडचण घरातली आहे. हे सॉफ्टवेअर फक्त मलाच वापरता येते. मागच्या वर्षी मी दोन आठवडे रुग्णालयात होते, तेव्हा कोणता हप्ता कोणत्या खात्यातून जातो हे माझ्या पतींना त्यातून शोधता आले नाही.

बदल करून पाहावा म्हणून मी प्रत्येक खात्याची सीएसव्ही फाइल काढली आणि ती ग्नूकॅश या हिशोबाच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये आयात केली. निकाल निराशाजनक आला. कार्डाची बिले दोनदा भरल्यासारखी दिसतात आणि गृहकर्जाची शिल्लक प्रत्यक्षाहून बरीच कमी दिसते. माझी चूक कुठे झाली, आणि एवढा जुना हिशोब असताना बदल करणे शहाणपणाचे आहे का, याबद्दल अनुभवी सदस्यांचे मत हवे आहे.

रोजकीर्द:

आपली चूक फारशी नाही, दोष आपण निवडलेल्या फाइलच्या प्रकारात आहे. सीएसव्ही म्हणजे नुसते रकाने. बचत खात्यातून कार्डाचे बिल भरले, तर ती एकच घटना बचत खात्याच्या फाइलमध्ये खर्च म्हणून येते आणि कार्डाच्या फाइलमध्ये जमा म्हणून येते. या दोन ओळी म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नसते. ग्नूकॅश आयात करताना तारीख आणि रक्कम पाहून जुळणाऱ्या नोंदी शोधण्याचा प्रयत्न करते, पण बँकेने पैसे वळते केल्याची तारीख आणि कार्डावर जमा झाल्याची तारीख यांत काही दिवसांचे अंतर असले की ती जुळणी हुकते आणि व्यवहार दोनदा धरला जातो.

गृहकर्जाचेही कारण असेच आहे, आणि ते समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. हप्त्याची एक रक्कम खात्यातून जाते, पण तिचा काही भाग मुद्दलात आणि काही भाग व्याजात जमा होतो. आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही विभागणी नोंदवलेली असणार. सीएसव्ही काढताना अनेक सॉफ्टवेअर विभागणी गाळून फक्त एकूण रक्कम लिहितात. मग नव्या ठिकाणी सगळा हप्ता मुद्दलातून वजा होतो आणि कर्ज वेगाने फिटल्याचे खोटे चित्र उभे राहते. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजाचाच असल्यामुळे फरकही तेवढाच मोठा दिसतो.

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये क्यूआयएफ या, हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधील नोंदी एकीकडून दुसरीकडे नेण्याच्या प्रकारची फाइल काढण्याची सोय असेल, तर तीच वापरावी. हा प्रकार जुना आहे आणि त्यात उणिवाही आहेत: तारीख दिवस-महिना क्रमाने आहे की महिना-दिवस क्रमाने, हे तो सांगत नाही, चलनाचा उल्लेख करत नाही आणि नोंदींना स्वतंत्र ओळखक्रमांकही देत नाही. पण खर्चाचा प्रकार, विभागणी आणि एका खात्यातून दुसऱ्यात गेलेली रक्कम या तिन्ही गोष्टी त्यात टिकतात, कारण ज्या खात्यात पैसे गेले त्याचे नाव चौकटी कंसात लिहिण्याची सोय त्यात आहे. सर्व खाती एकाच फाइलमध्ये काढावीत आणि एकत्रच आयात करावीत.

ओएफएक्स हा १९९७ मध्ये आलेला प्रकार अधिक शिस्तीचा आहे. त्यात प्रत्येक नोंदीला बँकेने दिलेला ओळखक्रमांक असतो, म्हणून तीच फाइल चुकून दोनदा आयात केली तरी नोंदींची पुनरुक्ती टाळता येते. मात्र तो बँकेचे विवरण पोचवण्यासाठी घडवलेला आहे. आपण केलेले खर्चाचे वर्गीकरण त्यात नसते. बँकेकडून सॉफ्टवेअरमध्ये नोंदी आणायला तो उत्तम, पण एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाण्यासाठी तो पुरेसा नाही. हा भेद न कळल्यामुळे पुष्कळ लोक स्थलांतर अर्ध्यात सोडतात, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

जुनी_खतावणी:

वरील तांत्रिक विवेचन अचूक आहे, तरीही १४,००० नोंदी हलवाव्यातच का, असा माझा प्रश्न आहे. वर्ष संपले की जुनी कीर्द बांधून कपाटात ठेवायची आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक खात्याची शिल्लक पुढे ओढायची, ही पद्धत वह्यांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि ती संगणकावरही तितकीच चालते. एक तारीख ठरवा, शक्यतो आर्थिक वर्षाचा पहिला दिवस. आदल्या दिवसाची प्रत्येक खात्याची शिल्लक बँकेच्या विवरणाशी ताडून पाहा आणि तीच आरंभीची शिल्लक म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा. जुन्या नोंदींच्या सीएसव्ही फाइली आणि वर्षवार अहवालांच्या पीडीएफ प्रती दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. चार वर्षांपूर्वीचा एखादा खर्च शोधायचा झाला तर त्या पुरतात. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी असेच केले आणि तेव्हापासून जुन्या फाइली मोजून तीनदा उघडल्या.

गुंतवणूक मात्र याला अपवाद आहे. तिथे आजची बाजारकिंमत आरंभीची शिल्लक म्हणून लिहिली, तर खरेदीची मूळ किंमत हरवते, आणि पुढे विक्री केल्यावर नफा किती झाला व त्यावर कर किती, हे काढता येत नाही. प्रत्येक खरेदीची तारीख, संख्या आणि भाव नव्या ठिकाणी हाताने का होईना, पण स्वतंत्र लिहा. थोडी गुंतवणूक असेल तर दोन-तीन संध्याकाळी पुरतील.

कुलुपाबद्दलची आपली चिंता मला योग्य वाटते. मायक्रोसॉफ्ट मनी या घरगुती हिशोबाच्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबली, पण ते आपल्या संगणकावर चालणारे होते आणि नंतर कंपनीने सक्रियकरणाची (म्हणजे कंपनीकडून मान्यता घेऊन सॉफ्टवेअर चालू करण्याची) अट नसलेली विनामूल्य आवृत्ती दिली, त्यामुळे लोकांच्या फाइली पुढेही उघडत राहिल्या. मिंट ही घरखर्चाच्या हिशोबाची सेवा इंटरनेटवरची होती. ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा मुदतीत नोंदी उतरवून घेण्याची काळजी वापरकर्त्यांनाच घ्यावी लागली. म्हणून नवे सॉफ्टवेअर निवडताना आपली फाइल आपल्या संगणकावर कोणत्या स्वरूपात राहते, हे मी सर्वांत आधी पाहतो. ग्नूकॅश एक्सएमएल किंवा एसक्यूलाइट स्वरूपात नोंदी ठेवते. दोन्ही स्वरूपे खुली आहेत आणि इतर साधनांनीही वाचता येतात.

शिल्लक_तपासनीस:

मी थोडे वेगळे मत मांडतो. आपल्या दोन अडचणींपैकी दुसरी अधिक गंभीर आहे आणि ती सॉफ्टवेअर बदलून सुटणार नाही. ग्नूकॅश द्विनोंदी पद्धतीवर उभे आहे. प्रत्येक व्यवहारात एक खाते जमा आणि दुसरे नावे पडते, आणि ज्याला जमाखर्चाची सवय नाही त्याला ते आताच्या सॉफ्टवेअरपेक्षाही अवघड वाटण्याची शक्यता आहे. कोणत्या खात्यातून कोणता हप्ता कोणत्या तारखेला जातो, विमा कुठे आहे, नामनिर्देशन कोणाचे आहे, एवढे एका कागदावर लिहून घरात ठेवणे हे काम आजच करण्यासारखे आहे. सॉफ्टवेअरचा निर्णय दोन महिन्यांनी झाला तरी बिघडत नाही. आपण आजारी असताना घरच्यांची झालेली धावपळ वाचून मला हे आवर्जून लिहावेसे वाटले.

घरखर्च_वही:

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत काय केले ते कळवते.

सर्वप्रथम तो कागद लिहिला. पतींसोबत बसून लिहिला आणि त्यात मलाच न आठवणारे दोन स्वयंचलित भरणा आदेश सापडले.

त्यानंतर क्यूआयएफ फाइल काढून पाहिली. कार्डाची दुहेरी नोंद नाहीशी झाली आणि गृहकर्जाची शिल्लक बँकेच्या विवरणाशी तंतोतंत जुळली, तेव्हा फार समाधान वाटले. परंतु जुन्या काळात मी खर्चाचे प्रकार वारंवार बदलल्यामुळे ग्नूकॅशमध्ये १६० हून अधिक खर्चखाती तयार झाली, त्यांतली निम्मी केवळ एका-दोन नोंदींची. तो पसारा पाहून जुनी_खतावणी यांचा सल्ला पटला. आता नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून कोरी फाइल सुरू करणार आहे, त्यात २५ च्या आसपास खर्चखाती ठेवणार आहे आणि क्यूआयएफमधून तयार झालेली फाइल फक्त संदर्भासाठी राहील. गुंतवणुकीच्या ४२ खरेद्या हाताने लिहून झाल्या आहेत.

एक शंका उरते. जुन्या सॉफ्टवेअरची वर्गणी लगेच थांबवावी का?

रोजकीर्द:

लगेच थांबवू नये. निदान दोन महिने दोन्हीकडे नोंदी ठेवा आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस दोन्ही ठिकाणच्या शिलका बँकेच्या विवरणाशी ताडून पाहा. कार्डाच्या बिलाचे एक पूर्ण चक्र आणि कर्जाचे दोन हप्ते त्यात येतील, म्हणजे चुका असल्या तर त्याच काळात दिसतील. फरक आढळला, तर तो दडवण्यासाठी समायोजनाची नोंद टाकू नका, मूळ नोंद शोधा. आपली वर्गणी नूतनीकरणाला कधी येते ते पाहून त्याआधीचे दोन महिने यासाठी धरा.

घरखर्च_वही:

नूतनीकरणाला अजून साडेतीन महिने आहेत, त्यामुळे तेवढा अवधी मिळतो. पहिल्या महिन्याचा ताळमेळ पतींना करायला सांगणार आहे, मी शेजारी बसेन.